राजवाडा कीं राजबंदिशाळा? — रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याचें परीक्षण

१

राजवाड्याचें वस्तुसंग्रहालय होणें ही आतां जगभरची रीत झाली आहे. राज्यें गेलीं, वाडे राहिले. ते रिकामे ठेवणें परवडेना आणि पाडणें मनास येईना, तेव्हां तिकीट लावून लोकांस पाहावयास मोकळे करावे, असा मध्यम मार्ग निघाला. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि ग्वाल्हेरचा शिंद्यांचा जयविलास हीं या रीतीचीं आपल्या परिचयाचीं उदाहरणें होत. अशा ठिकाणीं जाणारा मनुष्य तलवारी, झुंबरें, पालख्या आणि पेंढा भरलेले वाघ पाहतो व समाधानानें घरीं परततो. प्रस्तुत लेखाचा विषय ते संग्रह नव्हेत. ज्या इमारतींत ते मांडलेले असतात ती इमारत हेंच तेथील इतिहासाचें पहिलें साधन होय. तिचें वाचन आधीं झालें पाहिजे आणि आंतील वस्तूंचें नंतर, एवढेंच येथें प्रतिपादावयाचें आहे.

जुना कागद हातीं आला म्हणजे आपण एकदम मजकुराकडे धांवत नाहीं. तो कोणीं लिहिला, कोणाच्या आज्ञेनें लिहिला, कोणास व कोणत्या प्रसंगीं लिहिला, हें आधीं पाहतों. इमारतीसही असेच प्रश्न विचारतां येतात. ती कोणाच्या आज्ञेनें उभी राहिली? तिचा खर्च कोणीं सोसला? आणि तींत राहणारा स्वेच्छेनें राहत होता कीं दुसऱ्याच्या इच्छेनें? हे तीन प्रश्न घेऊन रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. तुलनेसाठीं पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशांत कुमासी येथें असलेला मान्हिया राजवाडा घेतला आहे. कारण ह्या दोन्ही इमारती एकाच साम्राज्यानें, पदच्युत केलेल्या राजांकरितां, पंधरा वर्षांच्या अंतरानें बांधल्या आणि आज दोन्ही वस्तुसंग्रहालयें आहेत. शेवटीं आमच्या डहाणू-जव्हारच्या मुलखास यांतून काय घेण्यासारखें आहे तें पाहूं.

२

थिबा हा ब्रह्मदेशच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, कोनबाँग घराण्याचा अखेरचा राजा. इ. स. १८७८ त तो गादीवर आला. इ. स. १८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजी फौज इरावती नदीनें मंडालेस पोहोंचली, राजा कैद झाला आणि १ जानेवारी १८८६ रोजीं त्याचें राज्य इंग्रजी मुलखास जोडल्याचें जाहीर झालें. राजा, पट्टराणी सुपयालत, धाकटी राणी सुपयागले व दोन लहान मुली यांस प्रथम मद्रासेस नेलें. तेथें तिसरी मुलगी झाली. १८८६ च्या एप्रिलांत हें कुटुंब रत्नागिरीस आणलें गेलें आणि चौथी मुलगी रत्नागिरीस जन्मली.

रत्नागिरीच कां, याचें उत्तर नकाशाच देतो. पाठीशीं सह्याद्रि, पुढें समुद्र. आगगाडी नव्हती. आगबोटींचा मार्ग पावसाळ्यांत बंद पडे. ब्रह्मी लोकांची वस्ती नव्हती, त्यामुळें कट शिजण्याचें भय नव्हतें. कोंकण रेल्वे त्या शहरीं येण्यास विसाव्या शतकाचें शेवटचें दशक उजाडावें लागलें, यावरून तें स्थळ किती आडबाजूचें होतें याची कल्पना येईल. यापूर्वीं १८५८ त दिल्लीच्या बहादूरशहास याच राज्यकर्त्यांनीं रंगूनला धाडलें होतें व तो १८६२ त तेथेंच वारला. हिंदुस्थानचा पदच्युत बादशहा ब्रह्मदेशांत आणि ब्रह्मदेशचा पदच्युत राजा कोंकणांत, अशी ही योजना होती. राजास मारावयाचें नाहीं. ज्या भूमींत त्याची भाषा कोणी बोलत नाहीं तेथें त्यास ठेवावयाचें, हें तिचें मर्म.

आतां तारखांकडे लक्ष द्यावें. राजा रत्नागिरीस आला एप्रिल १८८६ मध्यें. वाडा तयार होऊन तो तेथें राहावयास गेला १९१० च्या अखेरीस. तो वारला १९१६ च्या डिसेंबरांत. म्हणजे रत्नागिरींतील तीस वर्षांपैकीं चोवीसांहून अधिक वर्षें त्यानें सरकारनें दिलेल्या इतर बंगल्यांत, देखरेख करणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याच्या नजरेखालीं आणि सरकारी तनख्यावर काढलीं. वाड्यांत त्याचा वास केवळ सहा वर्षांचा. धाकटी राणी १९१२ त वारली. १९१९ त उरलेलें कुटुंब ब्रह्मदेशीं परतलें, परंतु राजाचा देह परतला नाहीं. त्याची समाधि रत्नागिरीसच आहे. सुपयालत १९२५ त रंगून येथें वारली. थोरली राजकन्या मात्र पुन्हां रत्नागिरीस येऊन राहिली व १९४७ त तिचाही अंत तेथेंच झाला.

३

वरील वृत्तांत ध्यानीं घेऊन आपले तीन प्रश्न विचारले तर उत्तरें सरळ येतात. आज्ञा सरकारची, खर्च सरकारचा, आणि राहणें सक्तीचें. मग यास 'राजवाडा' म्हणावें काय? संस्कृतांत राजाच्या घरास प्रासाद म्हणतात आणि देवाच्या घरासही तोच शब्द आहे. जेथें मन प्रसन्न होतें तो प्रासाद, अशी त्याची व्युत्पत्ति टीकाकार देतात. या कसोटीनें रत्नागिरीची इमारत प्रासाद ठरत नाहीं. ती सुखसोयींनीं युक्त अशी बंदिशाळा होय. लोकांनीं तिला दिलेलें नांव आतां बदलावें असा आमचा आग्रह नाहीं, कारण रूढ नांव हाही इतिहासच असतो. परंतु नांव जें झांकतें तें सांगणें हें संग्रहालयाचें काम आहे.

या वाड्याचीं जीं वर्णनें प्रवासी पुस्तकांतून व जाहिरातींतून येतात तीं बहुधा एकाच सांच्यांतलीं असतात. तीन मजले, उतरतीं छपरें, नक्षीदार लांकडी अर्धवर्तुळाकार खिडक्या, पहिल्या मजल्यावरील संगमरवरी फरशीचें नृत्यगृह, मागील बाजूस राजानें आणलेली बुद्धमूर्ति, आणि पश्चिमेस भाट्याची खाडी व समुद्र यांचा मनोहर देखावा. यांतील एकही विधान खोटें नाहीं. तरी सगळीं मिळून होणारें चित्र खोटें आहे. पाहणारास वाटतें कीं, कोणी एक हौशी राजा समुद्रकांठीं हवापालटास येऊन राहिला असावा. ज्या समुद्राचा देखावा वर्णिला जातो त्याच समुद्रानें त्यास कोंडलें होतें, ही गोष्ट खिडकीपाशीं उभें राहून सांगितली नाहीं तर ती खिडकी दाखवून काय साधलें?

दुसरा आक्षेप मांडणीविषयीं आहे. राजाच्या स्मरणवस्तूंबरोबरच जिल्ह्यांतील इतर पुराणवस्तूंसही याच घरांत जागा देण्यांत आली आहे. जिल्ह्यास संग्रहालय हवें, यांत शंका नाहीं, आणि जुन्या मूर्ति उघड्यावर झिजण्यापेक्षां छपराखालीं आलेल्या बऱ्या. परंतु त्यामुळें हें घर साधन न राहतां कोठार होतें. कोंकणांतील मध्ययुगीन शिल्प पाहून पुढच्या दालनांत ब्रह्मदेशच्या राजाची खुर्ची पाहणारा मनुष्य दोहोंपैकीं एकाचाही विचार नीट करूं शकत नाहीं. शिल्पांस स्वतंत्र जागा मिळावी आणि वाड्यानें वाड्याचीच कथा सांगावी, हें उभयतांच्या हिताचें आहे.

तिसरी गोष्ट व्याप्तीची. तीस वर्षांची कथा सहा वर्षांच्या घरांत मावत नाहीं. आधींचे बंगले, हा वाडा व समाधि हीं तिन्ही मिळून एक साधन होतें. म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेइन सेइन हे २०१२ च्या डिसेंबरांत रत्नागिरीस आले तेव्हां त्यांनीं वाडा पाहिला तशीच समाधीही वंदिली. परदेशाच्या पाहुण्यास ज्या दोन स्थळांचा संबंध जाणवला तो येथील पाहणारास कोणीं तरी दाखवून दिला पाहिजे.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. राजा बंदिवान होता म्हणून तो हुतात्मा होत नाहीं. थिबा गादीवर आल्यानंतर १८७९ त राजकुलांतील अनेक स्त्रीपुरुषांची, मुलांसुद्धां, मंडालेस कत्तल झाली. हा डाग पुसून त्याचें चरित्र सांगतां येणार नाहीं. इंग्रजांनीं या कत्तलीचा उपयोग आपल्या चढाईच्या समर्थनार्थ केला हेंही खरें, आणि ती झाली हेंही खरें. संग्रहालय न्यायासन नव्हे, तसेंच तें देव्हारा नव्हे. दोन्ही पुरावे शेजारीं मांडून त्यानें बाजूस व्हावें.

४

आतां कुमासीकडे वळूं. अशांती हें पश्चिम आफ्रिकेंतील एक प्रबळ राज्य होतें व त्याची राजधानी कुमासी. इ. स. १८७४ च्या फेब्रुवारींत इंग्रज सेनापति वूल्झ्ली यानें हें शहर घेतलें, तेथील दगडी राजवाडा लुटून सुरुंगानें उडविला आणि शहरास आग लावली. इ. स. १८९६ त तरुण राजा प्रेंपे यास कैद केलें. त्यास प्रथम समुद्रकांठच्या एल्मिना किल्ल्यांत, मग सिएरा लिओनमध्यें आणि १९०० पासून हिंदी महासागरांतील सेशेल्स बेटांत ठेवलें. त्याच वर्षीं इंग्रज गव्हर्नरानें अशांती लोकांचें सुवर्णासन मागितलें, तेव्हां राणी या आसांतेवा हिनें युद्ध पुकारलें. तीही पुढें सेशेल्स येथेंच वारली. सिंहासन मात्र इंग्रजांच्या हातीं लागलें नाहीं.

थिबा व प्रेंपे यांच्या नशिबांत येथवर साम्य आहे. भेद पुढें पडतो. प्रेंपे १९२४ त परत आला. राजा म्हणून नव्हे, तर एक खासगी गृहस्थ म्हणून त्यास येऊं दिलें होतें. १९२५ त सरकारनें त्याच्यासाठीं मान्हिया येथें घर बांधलें. तेथील परंपरा सांगते कीं, त्या घराचा सगळा खर्च आपल्या लोकांनीं फेडल्यावांचून त्यानें तें स्वीकारलें नाहीं. खर्च फिटला, मगच घर त्याचें झालें. १९३१ त तो वारला. त्याच्यानंतरही तें घर राजनिवास होतें, नंतर शेजारीं नवा वाडा झाला आणि १९९५ त जुन्या घराचें संग्रहालय केलें.

आमच्या दुसऱ्या प्रश्नाचें महत्त्व या एका गोष्टीनें स्पष्ट व्हावें. दोन्ही घरें परक्या सरकारनें बांधलीं, दोन्ही पदच्युत राजांसाठीं बांधलीं, आणि दोन्ही घरांच्या खोल्या कांहीं फार निराळ्या नाहींत. परंतु कुमासीस लोकांनीं पैसा मोजला आणि देणगीचें रूपांतर मालकींत केलें. रत्नागिरीस तें शक्यच नव्हतें, कारण पैसा मोजणारे लोक समुद्रापलीकडे होते. म्हणून कुमासीचें घर राजवाडा झालें आणि रत्नागिरीचें होऊं शकलें नाहीं. हिशेबाचा कागद समोर नसता तर नुसत्या भिंतींवरून हा भेद कोणास कळता?

५

वस्तूंच्या प्रवासांतही असाच एक बोध आहे. मंडालेच्या राजचिन्हांपैकीं बरीचशीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत होतीं. तीं १९६४ त ब्रह्मदेशास परत मिळालीं. राजाचें सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयांत होतें, तें त्यापूर्वींच, १९४८ त, परत गेलें होतें. अशांती सुवर्णवस्तु मात्र दीर्घकाळ लंडनलाच राहिल्या. १८७४ च्या लुटींतील कांहीं अलंकार याच व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयानें राणीच्या जवाहिऱ्यांकडून विकत घेतले होते. त्या संग्रहालयानें व ब्रिटिश म्युझियमनें मिळून ३२ वस्तु २०२४ त मान्हियास पाठविल्या, परंतु त्या तीन वर्षांच्या उसनवारीनें. कारण १९६३ व १९८३ च्या कायद्यांनीं या संस्थांच्या विश्वस्तांचे हात बांधले आहेत. त्याच वर्षीं अमेरिकेंतील लॉस एंजलिस येथील फाउलर संग्रहालयानें सात वस्तु कायमच्या परत केल्या.

लुटीचा माल मूळ धन्यास उसना देणें हा व्यवहार आपल्या धर्मशास्त्रांत कोठें बसतो तें शास्त्र्यांनीं सांगावें. येथें मुद्दा इतकाच कीं, मान्हियाचें संग्रहालय या वस्तूंस त्यांच्या लुटीसह प्रदर्शित करूं शकतें, कारण घराची कथा व वस्तूची कथा एकच आहे. शिवाय शेजारच्या वाड्यांत राजा आजही राहतो आणि दर सहा आठवड्यांनीं अक्वासिदाए नांवाचा दरबारी उत्सव तेथें होतो. संग्रहालयाच्या भिंतीपलीकडे परंपरा जिवंत असल्यामुळें भिंतीआंतील वस्तु मृत वाटत नाहींत.

मान्हियांत पूर्वींच्या राजांचे व राजमातांचे मेणाचे पुतळे आहेत. संस्कृत वाचकास यावरून भासाच्या प्रतिमानाटकाची आठवण होईल. मातुलगृहाहून परतणारा भरत अयोध्येबाहेरील प्रतिमागृहांत शिरतो, पूर्वजांच्या प्रतिमा ओळीनें पाहतो, आणि त्यांत दशरथाची प्रतिमा दिसल्यावर पिता वारल्याचें त्यास उमगतें. तेथें केवळ मृतांच्या प्रतिमा ठेवीत, हें तेथील रक्षकाच्या तोंडून त्यास कळतें. प्रतिमा पाहणें पुरेसें नव्हतें. त्या गृहाचा नियम सांगणारा कोणी हवा होता. महाराष्ट्रांत नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा होत्या. आज प्रतिमा नष्ट झाल्या आहेत, पण वर कोरलेलीं सिमुक, नागनिका, सातकर्णि इत्यादि नांवें टिकलीं, आणि त्या नांवांमुळें तें दालन दोन हजार वर्षांनंतरही बोलतें. रत्नागिरीस याच्या उलट झालें आहे. घर शाबूत आहे, नांव रूढ आहे, परंतु गृहाचा नियम सांगणारा पाहणाराजवळ उभा नाहीं.

६

हें सर्व लिहिण्याचें प्रयोजन केवळ रत्नागिरी नव्हे. प्रस्तुत लेखक राहतो तें कासा गांव सूर्या नदीच्या परिसरांत, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या शेजारीं आहे. येथून पूर्वेस डोंगर चढून गेलें कीं जव्हार लागतें. मुकणे घराण्याचें हें महादेव कोळी संस्थान चौदाव्या शतकापासून १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकलें. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळचा जयविलास राजवाडा आजही उभा आहे. त्याचें पुढें संग्रहालय व्हावें कीं न व्हावें हा घरच्या मंडळींचा प्रश्न आहे. परंतु आज ना उद्यां ही गोष्ट निघेलच, आणि तेव्हां तयारी नसली तर तेंच घडेल जें सर्वत्र घडतें. तलवारी भिंतीवर लागतील आणि इतिहास भिंतीआड राहील.

जव्हारच्या इतिहासांत तीन प्रकारची सामग्री आहे आणि ती एका पंक्तीस बसवितां येत नाहीं. पहिली दंतकथा. मूळ पुरुषानें बैलाच्या कातड्याइतकी जमीन मागितली, कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनीं मोठा मुलूख वेढला व तो आपला केला, असें सांगतात. हीच कथा उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज नगरीच्या राणीविषयीं प्राचीन काळापासून सांगितली जाते. तेव्हां ती इतिहास म्हणून नव्हे, कथा म्हणूनच मांडावी. दुसरी स्थानिक परंपरा. १६६४ त सुरतेकडे जातांना शिवाजी महाराज जव्हारास आले व शिरपामाळावर विक्रमशहानें त्यांस शिरपेंच अर्पण केला, असें परंपरा म्हणते. माळ आजही दाखवितात. समकालीन कागद मिळेपर्यंत तीस परंपराच म्हणावें. तिसरी संस्थानाची दप्तरी नोंद. ५ जून १३४३ रोजीं दिल्लीच्या सुलतानाकडून नेमशहास राजपद मान्य झालें असें धरून संस्थानानें तो दिवस आपल्या कालगणनेचा आरंभ मानला व सरकारी कागदांवर ती चालविली. येथें निदान संस्थान स्वतःविषयीं काय समजत होतें याचा लेखी पुरावा आहे. कोणत्याही दालनांत या तिहींवर तीन निराळ्या चिठ्ठ्या हव्यात.

तीन प्रश्न जव्हारासही विचारावयाचे आहेत. वाडा राजाच्या आज्ञेनें झाला आणि राजा तेथें स्वेच्छेनें राहिला. पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाचीं उत्तरें रत्नागिरीच्या अगदीं विरुद्ध आहेत. राहिला दुसरा. संस्थानाचें उत्पन्न म्हणजे जंगल आणि डोंगरउताराची शेती, आणि तीं राबविणारे हात वारली, कोळी, कोकणा, ठाकूर यांचे. दगड कोणीं वाहिले, मजुरी काय मिळाली, कोणत्या पाड्याचे किती लोक कामावर होते, हें बांधकामाच्या हिशेबांतून आणि वृद्धांच्या तोंडून मिळविलें पाहिजे. तें मिळालें नाहीं तर जव्हारचें संग्रहालयही अर्ध्याच प्रश्नाचें उत्तर देईल.

आणि एक वस्तु अशी आहे कीं ती कधींही कांचेआड जाऊं नये. चैत्र पौर्णिमेच्या मध्यरात्रीं महालक्ष्मीच्या गडावर वाघाडीचा पुजारी ध्वज चढवितो. तो ध्वज जव्हारच्या मुकणे घराण्याचा, ही पूर्वापार रीत आहे. संस्थान गेलें, तनखे गेले, डहाणू-जव्हार ठाणें जिल्ह्यांतून निघून २०१४ त पालघर जिल्ह्यांत आले, पण ध्वज गडावर जातोच. राजा आणि रानांतली प्रजा यांच्या संबंधाचा याहून बोलका पुरावा वाड्याच्या कोणत्याही दालनांत सांपडणार नाहीं. कुमासीस जें काम अक्वासिदाए करतें तें येथें हा ध्वज करतो. संग्रहालयानें त्याचें वर्णन लिहावें, कोणत्या गांवास कोणता मान आहे हें नोंदावें, आणि ध्वज मात्र गडासाठींच राहूं द्यावा.

तेव्हां सूचना दोन. रत्नागिरीच्या वाड्यांत मुंबई सरकारच्या दप्तरांतील थिबाविषयक पत्रव्यवहाराच्या नकला मराठी भाषांतरासह मांडाव्या, आणि पहिल्याच दालनांत आपले तीन प्रश्न व त्यांचीं उत्तरें ठळक लिहावीं. जव्हारांत, संग्रहालयाची वाट न पाहतां, घरच्या मंडळींच्या संमतीनें वाड्यांतील वस्तु, कागद व छायाचित्रें यांची यादी करण्यास घ्यावी आणि त्याबरोबरच बांधकाम ऐकूनपाहून ठाऊक असलेल्या वृद्धांच्या जबान्या त्यांच्याच बोलींत उतरून घ्याव्या. यादी मागाहूनही होईल. जबान्यांना तितका अवकाश नाहीं. या पत्राच्या वाचकांपैकीं जे ठाणें-पालघर भागांत राहतात त्यांनीं आपापल्या गांवापासून हें काम सुरू करावें.